शिष्याने सोसावे की बोलावे?

आमच्या लोकांत दोन माणसांविषयी तोंडावर वाईट बोलण्याची रीत नाही. एक पाद्री आणि दुसरा मास्तर. पाठीमागे बोलतात, पुष्कळ बोलतात, लग्नाच्या मांडवात तर रंगून बोलतात. पण समोर आला की दोघांपुढेही मान खाली जाते. ह्या रीतीचा लाभ आम्हांला स्वतःला गेली पंचवीसेक वर्षे मिळत आला आहे, तेव्हा तिच्याविरुद्ध लिहिण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे हे वाचकांनीच ठरवावे. परंतु मागील पावसाळ्यात धर्मग्रामातील चार महाविद्यालयीन मुले आपल्या एका प्राध्यापकांची तक्रार घेऊन आमच्याकडे आली आणि त्यामुळे एक जुनी गोष्ट, जी आम्ही मनाच्या तळाशी दडपून ठेवली होती, पुन्हा वर आली. तीच आधी सांगतो.

ती २००४ सालची. आम्ही तेव्हा वसई परिसरातील एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. गुरुदीक्षा होऊन फार दिवस झाले नव्हते आणि प्रत्येक प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर असलेच पाहिजे असे वाटण्याचे ते वय होते. एके दिवशी संध्याकाळी एक मुलगी कचेरीत आली. (पापनिवेदनात नव्हे, तसे असते तर ही गोष्ट आमच्याबरोबरच मातीत गेली असती.) शाळा मराठी माध्यमाची, दहावीला उत्तम गुण, बारावीला विज्ञान आणि आता मुंबईच्या एका महाविद्यालयात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात. घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली ती पहिली. वडील पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन मुंबईला जात, त्याच लोकलच्या पुढच्या फेरीने ही कॉलेजला जाई.

रसायनशास्त्राचे प्रात्यक्षिक घेणारे एक प्राध्यापक तिच्या इंग्रजीची भर वर्गात नक्कल करीत. तिने काही विचारले की तेच वाक्य तिच्या उच्चारात पुन्हा म्हणून दाखवीत आणि वर्ग हसे. पुढे तिने विचारणे सोडले. मग तिचे जर्नल, म्हणजे प्रयोगांची नोंदवही, तपासायचे राहू लागले. विज्ञान शाखेच्या मुलांना ठाऊक आहे, जर्नलवर सही नसेल तर प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. एकदा तर त्यांनी ते जर्नल टेबलावरून सरकवून खाली पाडले आणि ‘आधी भाषा शिकून ये’ असे म्हणाले.

‘‘फादर, मी काय करू?’’ तिने विचारले.

आम्ही सांगितले, ‘‘बाळ, सहन कर. हे दुःख प्रभूला अर्पण कर. ते गुरू आहेत, त्यांचा मान राख. प्रार्थना कर, त्यांचे मन पालटेल.’’ तिच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वादही दिला. ती गेल्यावर आपण फार चांगला सल्ला दिला असे वाटून आम्ही समाधानाने जेवलो, हेही लिहून ठेवले पाहिजे.

त्याच वर्षी तिने कॉलेज सोडले. आम्हांला ते कित्येक महिन्यांनी, धर्मग्रामाच्या सणाच्या दिवशी तिच्या आईकडून कळले. ‘‘शिकवण तिला झेपलं नाही, फादर,’’ आई म्हणाली. झेपले नाही! दहावीत शाळेत पहिली आलेल्या मुलीला झेपले नाही. आम्ही काहीच बोललो नाही. पुढे त्या मुलीचे लग्न झाले, संसार झाला. योगायोगाने सध्या आम्ही ज्या धर्मग्रामात आहोत तेथेच तिचे सासर आहे. दर रविवारी मिस्साला ती तिसऱ्या-चौथ्या बाकावर असते. तिने आम्हांला कधी बोल लावला नाही.

हा सल्ला आम्ही आणला कोठून, याचा विचार आम्ही पुष्कळ केला आहे. सेमिनरीत आम्हांलाही असे एक प्राध्यापक लाभले होते. कोणता विषय ते सांगत नाही. त्यांची टिपणे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या आधीची होती. कागद पिवळे पडून कडा झडत होत्या. ते वाचीत, आम्ही उतरवून घेत असू. प्रश्न विचारलेला त्यांना खपत नसे. मागच्या बाकांवरची मंडळी गाढ झोपत. इतकी वर्षे आम्ही ऐकून घेतले, पण त्यांना किंवा रेक्टरांना एकानेही एक शब्द सांगितला नाही. ह्याला आम्ही आज्ञापालन म्हणत असू. खरे कारण एवढेच की वर्षाच्या शेवटी प्रत्येकाविषयीचा अहवाल बिशपांकडे जाई आणि त्यात त्या प्राध्यापकांचेही मत असे. ते भय होते. भयाला आम्ही सद्गुणाचे नाव दिले आणि पुढे तेच नाणे त्या मुलीच्या हातात खरे म्हणून ठेवले.

वास्तविक ज्या परंपरेच्या नावाने आम्ही तिला गप्प बसविले, ती परंपरा तसे म्हणत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात हाच प्रश्न घेतला आहे: कनिष्ठाने वरिष्ठाची चूक दाखवावी काय? त्यांचे उत्तर, दाखवावी, असे आहे. चूक दाखविणे हे प्रेमाचे कृत्य आहे आणि प्रेम वरिष्ठांनाही देणे लागते; मात्र उद्धटपणे नव्हे, आदराने. दाखल्यासाठी त्यांनी संत पौलाकडे बोट दाखविले आहे, ज्याने अंत्युखियात संत पेत्राला सर्वांदेखत चुकीची जाणीव करून दिली. साक्षात पेत्राला! १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे २१२ वे कलमही श्रद्धावंतांना आपल्या गरजा आणि आपले मत मेंढपाळांपुढे मांडण्याचा हक्क देते, प्रसंगी ते कर्तव्य ठरते असेही म्हणते. हे सारे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. जेव्हा उपयोगी पडायला हवे होते तेव्हा आठवले नाही.

विद्यापीठ ही संस्था जेथे वाढीस लागली, त्या युरोपातील ख्रिस्ती जगात विद्यार्थी काही मुके नव्हते. इटलीतील बोलोन्या येथे बाराव्या-तेराव्या शतकात विद्यापीठ म्हणजे विद्यार्थ्यांचा संघ असे. दूरदेशीहून कायदा शिकायला आलेली ती प्रौढ मुले. त्यांनी एकत्र येऊन आपला रेक्टर निवडला आणि प्राध्यापकांना त्या विद्यार्थी-रेक्टरची आज्ञा पाळण्याची शपथ घ्यावी लागे. घंटा झाल्यावर प्राध्यापक उशिरा आला तर दंड, तास लांबविला तर दंड. पाचांपेक्षा कमी श्रोते जमले तर तो गैरहजर समजला जाई. गावाबाहेर जायचे तर परत येण्याची हमी म्हणून पैसे ठेवावे लागत. (आमच्या प्रवचनांना हा लांबविण्याचा दंड लागू झाला असता तर आमच्या धर्मग्रामाचे छप्पर केव्हाच बदलून झाले असते.) पुढे नगराने प्राध्यापकांचे वेतन आपल्या तिजोरीतून द्यायला आरंभ केला आणि विद्यार्थ्यांचा हा अंमल हळूहळू संपला. तो संपला त्याचे फार दुःख करण्याचे कारण नाही. ज्याच्या पोटाची दोरी शिष्यांच्या हातात, तो कठीण ते शिकवणार कसा? बोलोन्याच्या जवळच्याच इमोला गावी संत कास्सियन होऊन गेला. तो शाळामास्तर. छळाच्या काळात त्याला शिक्षा म्हणून त्याच्याच शिष्यांच्या हवाली केले गेले आणि मुलांनी लिहिण्याच्या लोखंडी टोकांनी भोसकून त्याला ठार केले. मास्तर कडक होता, मुलांच्या मनात राग साचला होता, अशी कथा आहे. शिष्यांचा राग न्याय्यच असतो असे समजण्यापूर्वी ह्या संताची आठवण करावी.

आता त्या चार मुलांकडे वळू. दोन मुलगे, दोन मुली. निरनिराळ्या गल्ल्यांतली, पण एकाच महाविद्यालयात, एकाच वर्गात. त्यांनी प्राचार्यांना द्यायचा अर्ज लिहून आणला होता आणि त्यावर धर्मग्रामाचे एक शिफारसपत्र जोडावे अशी त्यांची विनंती होती. अर्ज तीन पानांचा होता. ‘हुकूमशहा’, ‘निष्क्रिय’, ‘विद्यार्थीद्रोही’ अशी विशेषणे आम्ही मोजली, ती अकरा भरली. तारीख एकही नव्हती. शिफारसपत्र देणार नाही असे आम्ही प्रथमच सांगितले. महाविद्यालयाचा कारभार हा चर्चचा कारभार नव्हे, आणि फादरांचे पत्र पाहून झालेला न्याय हा वशिला ठरेल. मुलांचे चेहरे उतरले. मग आम्ही विचारले, ‘‘ते करतात तरी काय?’’

चौघे एकदम बोलू लागली. उशिरा येतात, जुनी टिपणे वाचून दाखवतात, पेपर फार कडक तपासतात, कंटाळवाणे शिकवतात, हजेरीवरून अडवतात, अंतर्गत गुणांचा धाक घालतात, जर्नलवर सही करीत नाहीत आणि मराठी माध्यमातून आलेल्यांची इंग्रजीवरून टर उडवतात.

जर्नल आणि इंग्रजी हे शब्द कानी पडताच आम्हांला बसल्या जागी घाम फुटला. प्राध्यापक निराळे, महाविद्यालय निराळे, वर्षे मध्ये वीस गेलेली. पण शब्द तेच.

त्या संध्याकाळी आम्ही एक कागद घेतला आणि गाऱ्हाणी निवडायला बसलो. कडक तपासतात, हे गाऱ्हाणे नव्हे. कडक शिक्षक पुढे आयुष्यभर आठवतात. कंटाळवाणे शिकवतात, हेही सोडा. कंटाळवाणेपणा हा अपराध ठरला तर आम्हां प्रवचनकारांपैकी किती जण सुटतील? हजेरीवरून अडवतात म्हणणाऱ्या मुलाला त्याची हजेरी विचारली, तर ती निम्म्याहून कमी निघाली. पंचाहत्तर टक्क्यांचा नियम त्या प्राध्यापकांनी केलेला नाही. तो मुलगा थोडा वेळ गप्प झाला आणि मग स्वतःच हसला. उरले ते उशिरा येणे, गुणांचा धाक, सही अडविणे आणि अपमान. ही चार खरी.

‘‘आता तीन आठवडे वही ठेवा,’’ आम्ही म्हणालो. ‘‘तारीख, वेळ, काय घडले, नेमके कोणते शब्द, समोर कोण कोण होते. आपले मत लिहू नका.’’

वही आली ती मोठी बोलकी होती. बारा तासांपैकी सात तासांना ते दहा मिनिटांहून अधिक उशिरा आले होते, दोन तास सूचनेवाचून झालेच नव्हते. एकोणीस जर्नले महिनाभर टेबलावर पडून होती. अपमानाचे शब्द तीन वेळा, तारखेनिशी. पण ह्याच वहीने मुलांच्या मनातील एक तक्रार पुसूनही टाकली. ते अभ्यासक्रम गाळतात असा मुलांचा समज होता. नोंदी पाहता त्यांनी एकही घटक गाळलेला नव्हता. आणि उशिराच्या सात दिवसांपैकी चार दिवस असे होते की ते दुसऱ्या इमारतीतील तास संपवून थेट ह्या वर्गावर येत होते, दोन तासांमध्ये एक मिनिटाचेही अंतर नव्हते. सत्य लिहू लागले की ते दोन्ही बाजूंनी कापते.

संत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने अपराध करणाऱ्या भावाशी कसे वागावे याचा क्रम घालून दिला आहे. आधी एकट्याने जाऊन त्याला सांगावे. त्याने न ऐकल्यास एकदोघांना सोबत न्यावे. तरीही न ऐकल्यास मंडळीसमोर ठेवावे. हा क्रम आम्ही कुटुंबांतील भांडणांत शेकडो वेळा सांगितला आहे. महाविद्यालयातही तोच योग्य, असे आम्ही मुलांना म्हणालो, आणि त्याच श्वासात एक अपवादही सांगितला. तो येथे जरा विस्ताराने लिहितो, कारण पालक हे वाचीत आहेत.

प्राध्यापकांचे वर्तन मुलीच्या किंवा मुलाच्या शरीराशी, लज्जेशी संबंधित असेल तर एकट्याने जाऊन सांगण्याचा प्रश्नच येत नाही. तेथे मुलीला ‘आधी त्यांच्याशी बोलून बघ’ असे सांगणे म्हणजे तिला पुन्हा त्याच खोलीत ढकलणे होय. त्यासाठी २०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती असावी लागते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावयाची असते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्व विद्यार्थ्यांना हे संरक्षण देतात. जातीवरून अपमान झाला असेल तर त्याचाही कायदा स्वतंत्र आहे. ख्रिस्तसभेने स्वतः अशा बाबतीत ‘आपसांत मिटवू’ म्हणून जगभर किती जिवांची हानी होऊ दिली, हे आम्ही धर्मगुरूंनी तरी विसरू नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली धर्मगुरूंवर अशा गोष्टी वरिष्ठांना कळविण्याचे बंधन घातले, ते उगीच नव्हे. आईबापांनी मुलीच्या तोंडून असे काही ऐकले तर पहिला प्रश्न ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हा नसावा.

आमच्या मुलांचे प्रकरण तसे नव्हते. म्हणून दोघे जण, एक मुलगा व एक मुलगी, तास संपल्यावर स्टाफरूममध्ये प्राध्यापकांना भेटायला गेले. वर्गात सर्वांदेखत बोलायचे नाही, विशेषणे वापरायची नाहीत, वही दाखवायची नाही पण मनात ठेवायची, असे ठरले होते. ते काय म्हणाले असतील? प्रथम म्हणाले, ‘‘तुमच्या आधी वीस-पंचवीस तुकड्या माझ्या हाताखालून गेल्या, त्यांना काही अडलं नाही.’’ मग थोडे नरमले. विभागातील दोन जागा कित्येक वर्षे रिकाम्या आहेत, तासिका तत्त्वावर येणारे शिक्षक मध्येच सोडून जातात, त्यांचे तास आणि परीक्षेचे काम आपल्याच गळ्यात पडते, हे त्यांनी सांगितले. मुलांना हे ठाऊक नव्हते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांची ही दशा आम्हां सर्वांना ठाऊक आहे आणि एका थकलेल्या माणसाकडून आपण काय अपेक्षा करतो याचाही विचार व्हावा. दुसऱ्याच आठवड्यापासून ते वेळेवर येऊ लागले. पण जर्नलचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले, ‘‘इंग्रजी येत नसेल तर सायन्सला येता कशाला?’’ आणि उठून गेले.

मग अर्ज नव्याने लिहिला गेला. एक पान. काय घडले, कोणत्या तारखांना, आणि शेवटी मागणी काय. ह्या मागणीवर आम्ही फार जोर दिला. ‘त्यांना काढून टाका’ ही मागणी रागाची असते. ‘प्रात्यक्षिकानंतर ठरावीक मुदतीत जर्नले तपासून मिळावीत आणि भाषेवरून शेरेबाजी थांबावी’ ही मागणी कोणालाही मान्य करावी लागते. सह्या खऱ्या नावांनी. निनावी पत्र हे अंधारातून फेकलेल्या दगडासारखे असते; ते ज्याला लागते तो निरपराध असला तरी त्याला उत्तर देता येत नाही. दोन प्रती काढायच्या, एक कार्यालयात द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का व तारीख घ्यायची. हा शिक्का आमच्या लोकांना क्षुल्लक वाटतो. शिक्का नसला की अर्ज दिलाच नव्हता असे होते.

विभागप्रमुखांकडून पंधरा दिवस उत्तर आले नाही. तेव्हा मुले विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार अशी समिती प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत असली पाहिजे. तिचे अध्यक्ष प्राध्यापक असतात, सोबत चार ज्येष्ठ अध्यापक आणि विशेष निमंत्रित म्हणून एक विद्यार्थी प्रतिनिधी. त्यांत निदान एक स्त्री आणि निदान एक मागासवर्गीय व्यक्ती असावी लागते. तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या पंधरा दिवसांत समितीने आपला अहवाल द्यावयाचा असतो. तो पटला नाही तर पंधरा दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे दाद मागता येते. हे लोकपाल निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात आणि त्यांनी तीस दिवसांत निकाली काढावे अशी अपेक्षा आहे. खोटी तक्रार करणाऱ्यावरही कारवाईची शिफारस ते करू शकतात, आणि तसे असणे न्याय्यच आहे. २००४ साली देशभर लागू असा नियम नव्हता. असता तरी आम्हांला तो ठाऊक असता की नाही, शंकाच आहे. आज तरी किती पालकांना ठाऊक आहे?

ह्याच सुमारास चौघांपैकी एकाचे वडील आमच्याकडे आले. रागावलेले होते, बसलेही नाहीत. ‘‘फादर, तुम्ही पोरांना भडकवता. सरांच्या हातात त्यांचे मार्क आहेत. केटी लागली तर तुम्ही फी भरणार आहात?’’ आम्ही त्यांना खोटा धीर दिला नाही. भीती निराधार नव्हती. एवढेच सांगितले की विद्यापीठाच्या परीक्षेची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली माहितीच्या अधिकाराखाली मान्य केला आहे, पुनर्मूल्यांकन मागता येते, आणि ज्याच्याविरुद्ध लेखी तक्रार नोंदलेली आहे असा मनुष्य सूड घेताना दोनदा विचार करतो. पण अंतर्गत गुणांच्या बाबतीत धोका शून्य आहे असे आम्ही म्हणू शकलो नाही. त्या मुलाने दुसऱ्या दिवशी सही मागे घेतली. उरलेल्या तिघांनी त्याच्याशी बोलणे टाकले, तेव्हा आम्ही त्यांच्यावर रागावलो. ज्याच्या घरी एकच कमावता हात आहे त्याच्या भीतीला भ्याडपणा म्हणू नये.

समितीने दोन्ही बाजू ऐकल्या. मुलांनी वही पुढे ठेवली आणि प्राध्यापकांच्या कामाच्या ओझ्याचीही नोंद स्वतः होऊन सांगितली. ह्या गोष्टीने समितीवर परिणाम झाला असे त्यांना वाटले. शिफारस अशी झाली की प्रात्यक्षिकानंतर आठवड्याच्या आत जर्नल तपासले जावे, तेवढ्यात न झाल्यास दुसऱ्या शिक्षकाने सही करावी, आणि शेरेबाजीबाबत संबंधितांना समज द्यावी. एकोणीस जर्नलांवर सह्या झाल्या. प्राध्यापक अजून तेथेच शिकवतात. तिघांशी ते बोलत नाहीत. ‘‘आता आम्हांला ते प्रश्नच विचारत नाहीत, फादर,’’ त्यांतली एक मुलगी म्हणाली, आणि तिच्या स्वरात आम्हांला थोडे दुःखही जाणवले.

संत ऑगस्टीन यांच्या तारुण्यातील एक प्रसंग आम्ही ह्या मुलांना सांगितला होता. ज्या पंथात ते तेव्हा गुंतले होते त्या मनिकी पंथाचा फॉस्टस नावाचा मोठा आचार्य येणार आणि सर्व शंका दूर करणार, म्हणून ते सुमारे नऊ वर्षे वाट पाहत राहिले. तो आला. वाणी गोड, ज्ञान तोकडे. पण विचारलेले आपल्याला येत नाही हे त्याने सरळ कबूल केले, आणि ह्या एका गोष्टीसाठी ऑगस्टीन यांनी पुढे त्याचा उल्लेख आदराने केला. वाईट गुरू आणि अपुरा गुरू यांत जर काही भेद असेल तर तो ह्या कबुलीत असावा. आम्ही त्या वेळी एका मुलीसाठी दोन्ही होतो.

ह्या नाताळच्या आधी ती कचेरीत आली होती, मुलाच्या बाप्तिस्म्याचा दाखला न्यायला. दाखला लिहून होईपर्यंत समोर बसली. मग म्हणाली, ‘‘त्या पोरांनी अर्ज केला होता म्हणे, फादर. काय झालं त्याचं?’’

आम्ही झाले ते सांगितले. आणि मग, कसे कोण जाणे, २००४ ची ती संध्याकाळही तिच्यापुढे काढली. आमचा सल्ला चुकला होता, आम्हांला क्षमा कर, असे म्हणालो. ती काही क्षण टेबलाच्या कडेकडे पाहत राहिली.

‘‘तो अर्ज आहे का तुमच्याकडे?’’ तिने विचारले.

मुलांनी एक प्रत आमच्याकडे ठेवायला दिली होती. तिने ती घेतली आणि उजेड बरा म्हणून खिडकीशी उभी राहून वाचली. सावकाश, तारखांसकट, सह्यांसकट, खालच्या आवकच्या शिक्क्यापर्यंत. नंतर कागदाची होती तशीच घडी घातली, टेबलावर ठेवली, दाखला घेतला आणि म्हणाली, ‘‘एकच पान लागलं.’’